पाण्याची खोली आणि कोळशाचा प्रश्न: मुरगाव बंदरातल्या एका निर्णयाचं प्रकरण

हे प्रकरण मुरगाव बंदराचं आहे. बंदराचं नाव झाकण्यात अर्थ नाही. सगळं सरकारी कागदांवर, लवादात आणि भर सुनावणीत घडलं. त्यात उतरलेली माणसं, मच्छीमारांची संस्था आणि माल हाताळणाऱ्या कंपन्या यांची नावं मात्र मुद्दाम गाळली आहेत. नावं आली की वाचणारा लगेच कुठल्या तरी बाजूला जाऊन बसतो. मला इथे निर्णय कुठे कुठे वळला ते दाखवायचं आहे. काळ मुख्यतः २०१५ ते २०१७ चा, मागचे-पुढचे धागे लागतील तेवढेच घेतले आहेत.

पार्श्वभूमी

झुआरी नदी समुद्राला मिळते तिथे दक्षिण तीरावर मुरगावचं टोक पुढे आलेलं आहे. त्याच्या आडोशाला जहाजं उभी राहतात. पोर्तुगीज राजवटीत, १८८० च्या दशकात, बंदर आणि रेल्वे जोडीनेच उभी राहिली. मुरगावहून निघालेली गाडी दूधसागरच्या कुशीतून ब्रागांझा घाट चढून कॅसलरॉकला पोचते. या घाटात ३७ फुटांमागे एक फूट चढ आहे, आणि पुढच्या सगळ्या प्रकरणात हा चढ कुठे ना कुठे आडवा येतो. गोवा मुक्त झाल्यावर १९६४ साली मुरगावला प्रमुख बंदराचा दर्जा मिळाला.

यानंतरची जवळजवळ पन्नास वर्षं हे बंदर लोहखनिजाचं होतं. खनिज आधी जपानला, नंतर चीनला जायचं. डिचोली, सांगे, सत्तरीतल्या खाणींतून ट्रक नदीकाठच्या जेट्टीवर यायचे, तिथून बार्ज (माल वाहणाऱ्या सपाट बुडाच्या नावा) भरायच्या, आणि मांडवी-झुआरीतून त्या बंदराकडे निघायच्या. पावसाळ्यात मांडवीच्या मुखाशी, आग्वादजवळ, वाळूचा दांडा धोक्याचा होतो. मग बार्ज कुंभारजुवे कालव्यातून वळून झुआरीत उतरत. १९७९ मध्ये धक्क्यावर खनिज जहाजात चढवणारं यांत्रिक संयंत्र आलं आणि कामाचा वेग वाढला.

खाणींनी गोव्याच्या डोंगरांचं, शेतांचं आणि नद्यांचं काय केलं ते सर्वश्रुत आहे. त्याचं समर्थन मी करणार नाही. पण हिशेबासाठी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. खनिजाचा एक टन जहाजात पडेपर्यंत गोव्यातल्या किती हातांतून जायचा! खाणीवरचा मजूर, ट्रकमालक आणि त्याचा हप्ता, बार्जवरचा तांडेल आणि खलाशी, बार्ज बांधणारी आणि दुरुस्त करणारी नदीकाठची वर्कशॉपं, गॅरेजवाले, टायरवाले, चहाचे गाडे. बंदर हे या साखळीचं शेवटचं टोक होतं आणि साखळी बहुतेक सगळी राज्याच्या आत होती.

२०१०-११ मध्ये बंदरातून सुमारे पाच कोटी टन माल गेला. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणकाम थांबवलं, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. २०१३-१४ चा आकडा सव्वा कोटी टनांच्याही खाली आला. तीन वर्षांत तीन-चतुर्थांश काम गेलं. कामगारांचे पगार, निवृत्तांची पेन्शनं, धक्क्यांची देखभाल, गाळ उपसा हे सगळं मात्र तसंच चालू. बंदराच्या हिशेबनिसाच्या जागी बसून पाहिलं, तर पुढचे निर्णय का झाले ते बरंचसं कळतं.

पेच

खनिज गेलं तेव्हा हाताशी वाढण्यासारखा माल एकच होता: कोळसा. तो काही नवा नव्हता. कर्नाटकातल्या बळ्ळारी भागात पोलाद कारखाने आहेत. त्यांना लागणारा कोकिंग कोळसा परदेशातून जहाजाने येतो. मुरगावच्या खासगी टर्मिनलांवर तो उतरत होता, रेल्वेच्या वाघिणींत भरून वास्को, माजोर्डा, मडगाव, चांदर, सावर्डे, कुळे असा घाट चढून जात होता.

वास्को शहराला कोळशाची ओळख काळ्या बोटांनी झाली. बंदराच्या वरच्या टेकडीवरची सडा वस्ती आणि खाली वास्कोचा बाजार; दुपारनंतर समुद्राकडून वारा सुटला की खिडकीच्या कट्ट्यावर, वाळत घातलेल्या कपड्यांवर, पाण्याच्या टाकीच्या झाकणावर पूड बसायची. ताडपत्र्या होत्या, पाण्याचे फवारे होते, वारा अडवणाऱ्या जाळ्याही होत्या. तरी पूड बसायचीच. कुठल्या भागात किती, आणि त्यातली कोळशाची किती व रस्त्याची किती, यावर वाद होऊ शकतो, झालाही. पण घरातली बाई रोज सकाळी कट्टा पुसते, तिच्या फडक्याला अहवाल वाचता येत नाही. या साध्या गोष्टीला कुठल्याच फाइलीत जागा नव्हती, आणि नंतर ती सभागृहात उभी राहिली.

बंदरापुढची अडचण पाण्याच्या खोलीची होती. बाहेरच्या जलमार्गाची खोली १४.४ मीटर. एवढ्या पाण्यात मोठी ‘केपसाइज’ जहाजं पूर्ण भरून आत येऊ शकत नाहीत. लहान जहाजात आणलं तर टनामागे भाडं जास्त पडतं. मग तोच कोळसा पूर्व किनाऱ्यावरच्या खोल बंदरांतून नेणं कारखान्याला परवडू लागतं. म्हणून प्रस्ताव आला: बाहेरचा जलमार्ग १९.८ मीटर आणि आतला १९.५ मीटर खोल करायचा. म्हणजे १ लाख ८५ हजार टन क्षमतेची जहाजं येतील.

कागदावर हा गाळ काढण्याचा प्रकल्प होता. जमीन संपादन नाही, कुणाचं घर उठत नाही, काम बंदराच्या हद्दीतल्या पाण्याखाली. पण पाच मीटर जास्तीची खोली कुणासाठी, हे वास्कोत कुणाला सांगायची गरज नव्हती. केंद्राच्या बंदरविकासाच्या ‘सागरमाला’ योजनेच्या आराखड्यात मुरगावच्या कोळशाचे आकडे होते: तेव्हा वर्षाला सव्वा कोटी टनांच्या आसपास, आणि २०३५ पर्यंत पाच कोटी टनांपुढे. त्याच काळात रेल्वेचा दुहेरी मार्ग, बंदराकडे जाणारा रुंद महामार्ग आणि गोव्यातल्या सहा नद्यांना राष्ट्रीय जलमार्ग ठरवणारा २०१६ चा कायदा, हे सगळं एकामागोमाग आलं. प्रत्येकाची फाइल वेगळी, खातं वेगळं, मंजुरी वेगळी. गावात बसून पाहणाऱ्याला ती एकच वाट दिसत होती, जहाजापासून घाटमाथ्यापर्यंत.

आणि मच्छीमार. वास्कोच्या खारीवाड्यापासून झुआरीच्या आतल्या गावांपर्यंत होडीवर आणि जाळ्यावर जगणारी कुटुंबं आहेत. नदीत थोडं आत चिखलीच्या खाडीत उथळ चिखलावर तिसऱ्या-खुबे मिळतात. तिथेच ते पातळ, जवळजवळ पारदर्शक शिंपले वाढतात, जे काच महाग होती तेव्हा गोव्यातल्या जुन्या घरांच्या खिडक्यांना लावत. आता त्यांना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. नदीच्या मुखाशी तळ खरवडला की गढूळ पाणी भरतीबरोबर आत येतं. इथल्या गाळात खाणींची अनेक वर्षांची धूप साचलेली आहे, म्हणजे ढवळलं जाणारं ते निव्वळ वाळू-चिखल नाही. तो गढूळपणा किती आत येईल, किती दिवस राहील, शिंपल्यांच्या पिलांवर काय होईल, हे प्रश्न विचारायची हक्काची जागा एकच होती: जनसुनावणी.

समोर असलेले पर्याय

बंदराकडे तेव्हा चार वाटा होत्या असं मला दिसतं.

पहिली, खोली आहे तेवढीच ठेवून मालाचे प्रकार वाढवायचे. ऑक्टोबर ते मे पर्यटकांची क्रूझ जहाजं येतात. खत कारखान्याचा अमोनिया, इंधन, अॅल्युमिना, लाकडाचे तुकडे, थोडे कंटेनर येतात-जातात. हे सगळं प्रतिष्ठेचं, पण टनांत मोजलं तर हलकं. खनिजाने पाडलेला खड्डा यातून भरत नव्हता, निदान लवकर तरी नाही.

दुसरी, खाणी पुन्हा सुरू होण्याची वाट पाहायची. एप्रिल २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून दार उघडलं होतं. ते पुन्हा बंद होऊ शकतं ही शंका तेव्हाही शहाण्या माणसाला यायला हवी होती. फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द झालं आणि ती खरी ठरली.

तिसरी, जलमार्ग खोल करायचा, पण पूर्ण पर्यावरण अहवाल आणि जनसुनावणी घेऊन. चौथी, सुनावणीतून सूट मागायची. पर्यावरण आघात मूल्यांकनाच्या २००६ च्या अधिसूचनेत जनसुनावणी हा मंजुरीचा एक टप्पा आहे. काही ठराविक प्रकारच्या कामांना तो टप्पा माफ होतो. ‘आहे त्या बंदराचा फक्त मार्ग खोल करतोय’ असं मांडलं तर वर्ष-सहा महिने वाचणार होते. पैशाची निकड असलेल्या संस्थेला हे आकर्षक वाटावं यात नवल नाही.

मच्छीमारांकडेही पर्याय होते, आणि त्यांची निवड मला बंदराच्या निवडीहून जास्त शिकवते. नुकसानभरपाईची बोलणी करता आली असती. असे व्यवहार किनाऱ्यावर बऱ्याच ठिकाणी होतात, आणि पैसे हातात पडले की विषय मिटतो. रस्त्यावर उतरता आलं असतं. किंवा विज्ञानाच्या मैदानावर लढता आलं असतं: गाळ इतका, गढूळपणा इतका, मासा इतका घटेल. त्यासाठी तज्ज्ञ हवेत, नमुने हवेत, पैसे हवेत. समोरच्याकडे मोठी सल्लागार संस्था असते आणि दोन तज्ज्ञांच्या भांडणात न्यायाधीश बहुधा सरकारी अहवालाकडे झुकतात.

काय केलं गेलं

बंदराने चौथी वाट धरली. २०१६ च्या सुरुवातीला केंद्राकडून पर्यावरण मंजुरी मिळाली, जनसुनावणीच्या सवलतीसह. ड्रेजर, म्हणजे गाळ उपसणारं जहाज, आला आणि काम सुरू झालं.

होडीमालकांच्या एका सहकारी संस्थेने आणि त्यांच्याबरोबरच्या लोकांनी राष्ट्रीय हरित लवादाच्या पुण्याच्या पीठाकडे धाव घेतली. मंजुरीला आव्हान द्यायला कायद्याने तीस दिवस असतात. कारण दाखवलं तर वर साठ दिवस मिळू शकतात, त्यापुढे दार बंद. मासेमारीच्या ऐन हंगामात मंजुरीचा कागद मिळवायचा, वकील शोधायचा, वास्कोहून पुण्याच्या खेपा घालायच्या, हे किती जड असतं ते ज्याने केलं आहे त्यालाच माहीत. कित्येक किनारी गावांत आव्हान द्यायची इच्छा असते, आणि मंजुरी मिळाल्याचं कळेपर्यंतच मुदत उलटलेली असते.

त्यांनी लढाई अरुंद ठेवली. कोळसा वाईट आहे, बंदर वाईट आहे, विकास वाईट आहे, असल्या रुंद मुद्द्यांवर भर दिला नाही. म्हणणं एवढंच: या कामाचा परिणाम आमच्या पोटावर होणार, कायद्याने आम्हाला विचारायला हवं होतं, विचारलं नाही. या मुद्द्याला समुद्रशास्त्राचा पुरावा लागत नाही. फाइल उघडायची आणि सुनावणी झाली की नाही ते पाहायचं.

सप्टेंबर २०१६ मध्ये लवादाने मंजुरी रद्द केली. जनसुनावणी घेतल्याशिवाय पुढे जाता येणार नाही, हा त्याचा गाभा. काम अर्धवट थांबलं.

मग बंदराने सुनावणीची तयारी केली आणि एक निर्णय घेतला. खोलीकरणाबरोबर आणखी दोन प्रस्ताव सुनावणीला ठेवले: आठ आणि नऊ क्रमांकाच्या धक्क्यांचा, बार्जच्या धक्क्यांसह, पुनर्विकास; आणि वास्कोच्या उपसागरात मासेमारीसह इतर सोयींची बांधणी. २६ एप्रिल २०१७ पासून वास्कोत सुनावणी सुरू झाली.

अशी सुनावणी कशी चालते हे ठाऊक नसलेल्यांसाठी थोडं सांगतो. ती राज्याचं प्रदूषण नियंत्रण मंडळ भरवतं. अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा त्यांचा अधिकारी असतो. तीस दिवस आधी जाहीर सूचना द्यावी लागते. अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत ठेवावा लागतो. शेकडो पानांचा मूळ अहवाल मात्र इंग्रजीतच असतो. गणसंख्येची अट नाही, चित्रीकरण सक्तीचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं: समोर बसलेला अधिकारी काहीही ठरवत नाही. तो ऐकतो, नोंदवतो, नोंद दिल्लीला पाठवतो. बहुतेक सुनावण्या एका दुपारी आटोपतात.

ही आठ दिवस चालली.

मच्छीमार आले, डॉक्टर आले, शिक्षक, चर्चचे पाद्री, पंचायतीचे सदस्य, निवृत्त अधिकारी, मडगावपलीकडच्या गावांतले शेतकरी आले. कुणी अहवालातली पानं काढून विसंगती दाखवली, कुणी मुलाच्या दम्याबद्दल बोललं. विरोध जवळजवळ एकमुखी होता. विषय पत्रिकेवर जलमार्गाच्या खोलीचा होता आणि लोक कोळशावर बोलत होते. अधिकाऱ्यांना ते विषयांतर वाटलं असेल. मला तो विषय योग्य जागी येणं वाटतं. वर्षभरापूर्वी फाइलीतून ज्या प्रश्नाला वगळलं होतं तो दारातून आत आला.

निष्पत्ती

प्रकरण एका निकालावर थांबलं नाही, म्हणून निष्पत्तीही तुकड्यांनी सांगावी लागते.

बंदराने वाचवायला निघालेला वेळ गमावला. २०१६ च्या सुरुवातीला मिळालेली मंजुरी सप्टेंबरात गेली, सुनावणी २०१७ च्या उन्हाळ्यात झाली. पहिल्याच वेळी सुनावणी घेतली असती तर ती याहून खूप आधी संपली असती, आणि आठ दिवस चालली असती असंही वाटत नाही. ‘आम्हाला विचारलंच नाही’ या रागाने माणसं आठ दिवस रांगेत बसतात.

दुसरी गोष्ट शहराबाहेर घडली. वास्कोपुरता असलेला धुळीचा विषय रेल्वेच्या रुळांवरून आत सरकला. २०१७ च्या पावसाळ्यानंतर दक्षिण गोव्यातल्या अनेक ग्रामसभांनी कोळशाच्या वाहतुकीविरुद्ध ठराव केले. राज्य सरकारला कोळसा वाढू देणार नाही अशी भूमिका जाहीरपणे घ्यावी लागली. नोव्हेंबर २०२० मध्ये चांदरला हजारो लोक रात्रभर रुळांजवळ बसले. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कॅसलरॉक ते कुळे या टप्प्यातल्या दुहेरी मार्गाला मिळालेली वन्यजीव मंडळाची मान्यता रद्द केली. भगवान महावीर अभयारण्यातून जाणारा हा घाटातला टप्पा. न्यायालयाने नेमलेल्या केंद्रीय अधिकारप्राप्त समितीने आधीच म्हटलं होतं की तीव्र चढामुळे या मार्गाची क्षमता दुहेरी रुळांनीही फारशी वाढणार नाही. घाटाचा चढ १८८० च्या दशकात होता तोच आहे.

बंदर बुडालं नाही. खाणी मधल्या काळात सुरू होत्या तेव्हा, २०१६-१७ मध्ये, मालाचा आकडा पुन्हा तीन कोटी टनांच्या वर गेला होता. मार्च २०१८ मध्ये खाणी पुन्हा थांबल्या आणि कोळशावरचा भार परत वाढला. वास्कोतली पूड थांबली नाही. मच्छीमार जिंकले असं म्हणावं तर त्यांच्या जाळ्यात त्यामुळे एक मासा जास्त आला नाही. त्यांनी मिळवलं ते विचारलं जाण्याचं बंधन, आणि मी ते कमी मानत नाही.

निर्णयाच्या जागा

माझ्या मते पहिली आणि सगळ्यात जड चूक सुनावणी टाळण्याच्याही आधी झाली: प्रश्न छोटा करून मांडला गेला. ‘जलमार्ग किती खोल हवा’ असं विचारलं की उत्तर अभियंत्यांकडे जातं आणि ते बरोबरही असतं. मोठ्या जहाजाला खोल पाणी लागतं, यात वाद कसला? ‘या बंदरातून कुठला माल, किती, कुणाच्या घराशेजारून जावा’ असं विचारलं की उत्तराचे धनी बदलतात. बंदर, रेल्वे, रस्ता, नदी यांच्या फाइली वेगळ्या ठेवण्यात कुणाचा कट होता असं मी म्हणणार नाही. खाती तशीच असतात. पण परिणाम तोच झाला. प्रत्येक फाइलीत हानी थोडी दिसली आणि बेरीज कुणीच केली नाही. ती लोकांनी केली.

यातूनच आर्थिक हिशेबाची गफलतही झाली. बंदराचं यश टनांत मोजायची सवय आहे. गेलेल्या पावणेचार कोटी टनांच्या जागी कोळशाचे टन बसवले की खड्डा भरला, असा तो हिशेब. पण कोळशाचा टन ग्रॅबने उचलला जातो, पट्ट्यावरून साठ्यावर पडतो, वाघिणीत भरतो आणि घाटावर जातो. वाटेत गोव्यातला ट्रकवाला नाही, बार्जवरचा तांडेल नाही, नदीकाठचं वर्कशॉप नाही. बंदराच्या खात्यावर दोन्ही टन सारखे दिसतात, डिचोलीच्या गॅरेजवाल्याच्या खात्यावर नाहीत. न्याय म्हणून हेही सांगतो: बंदराचं उत्पन्न म्हणजे हजारो कुटुंबांचे पगार आणि पेन्शन, त्यातली बरीच वास्कोतलीच. आणि पोलाद देशाला लागतं, कोकिंग कोळशाशिवाय ते या भट्ट्यांत होत नाही. तरीही लाभ घाटापलीकडे आणि पूड घाटाअलीकडे, ही वाटणी उघडपणे मांडून तिच्यावर बोलणी व्हायला हवी होती. ती झाली नाहीत.

सुनावणीतून सूट मागणं ही दुसरी जागा. इथे बंदराने कायद्याची जोखीम मोजलेली दिसत नाही. सवलत मिळते का एवढंच पाहिलं. मिळालेली सवलत टिकेल का हे पाहिलं नाही. मच्छीमारांना थेट बाधणारं काम, त्यात एवढी मोठी खोली, आणि ऐकून घेण्याचा टप्पाच माफ, हे पुण्यात टिकणं कठीण होतं.

तिसरी जागा २०१७ ची: तीन प्रस्ताव एका सुनावणीत. सोय म्हणून ते समजण्यासारखं आहे; एकच मंडप, एकच सूचना. पण मासेमारीच्या सोयी हा एरवी स्वतंत्रपणे, मच्छीमारांच्या गरजेनुसार बोलण्याचा विषय होता. तो खोलीकरणाच्या ताटात वाढला गेला आणि मच्छीमारांनी त्याकडेही संशयाने पाहिलं. विश्वास मिळवायची एक संधी होती, तीही हातची गेली.

मच्छीमारांच्या बाजूने पाहिलं तर प्रक्रियेवर लढण्याचा निर्णय अचूक होता, पण त्याची मर्यादा त्यांनी तेव्हाच ओळखायला हवी होती. प्रक्रियेवर जिंकलेली लढाई प्रक्रिया पूर्ण केली की संपते. सुनावणी झाली, नोंदी झाल्या. पुढे मंजुरी द्यायची की नाही ते दिल्लीतली तज्ज्ञ समिती आणि मंत्रालय ठरवणार. लवादाने मिळवून दिलेल्या त्या महिन्यांत स्वतःच्या नोंदी उभ्या करायला हव्या होत्या: कुठल्या होडीला कुठल्या महिन्यात काय लागलं, चिखलीत तिसऱ्या किती, पाणी किती दिवस गढूळ. अशा वह्या नुसत्या भाषणांहून जड पडतात.

वेगळं काय करता आलं असतं

काही गोष्टी मला अगदी शक्य वाटतात, आणि त्यांना पाच मीटर गाळ काढण्याएवढे पैसेही लागत नाहीत.

२०१३ मध्ये, आकडे घसरत असताना, बंदराने शहराला ताळेबंद दाखवायला हवा होता. एवढं उत्पन्न गेलं, एवढी पेन्शनं द्यायची आहेत, पर्याय हे आहेत, प्रत्येकाची किंमत ही. वास्कोकर बंदराचे शत्रू नाहीत. अर्ध्या घरांत कुणी ना कुणी बंदरात काम केलेलं असतं. अशा शहराशी बोलणं सोपं होतं.

कोळशाची वरची मर्यादा आधी ठरवून मग खोलीची मागणी करता आली असती. वर्षाला इतके टन, त्यापुढे नाही, आणि तेही छताखाली साठवून, बंद पट्ट्यावरून, झाकलेल्या वाघिणींतून. मग मोठी जहाजं म्हणजे जास्त कोळसा, हे समीकरण तुटलं असतं: तोच कोळसा कमी फेऱ्यांत आणि स्वस्त भाड्यात, एवढंच उरलं असतं. त्यातून वाचणाऱ्या भाड्याचा काही वाटा धूळ अडवायला घालायची अट कारखान्यांना परवडण्यासारखी होती. असा प्रस्ताव सुनावणीत आला असता तर विरोध झालाच असता, पण बोलायला काही जमीन उरली असती.

हवेची मोजणी बंदराच्या हाती ठेवायला नको होती. मोजणाऱ्यावर विश्वास नसेल तर मोजलेल्या आकड्यावर कोण ठेवणार? शहरात चार-पाच ठिकाणी यंत्रं, रोजचा आकडा बाजारातल्या फलकावर कोकणी-मराठीत, आणि ठरलेली पातळी ओलांडली की त्या दिवशी उतरण बंद. समुद्राच्या बाजूचं काम तर आणखी जवळ होतं: झुआरीच्या पलीकडच्या तीरावर, दोना पावलाला, राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. तिथल्या शास्त्रज्ञांना आणि खारीवाड्याच्या होडीवाल्यांना एकत्र बसवून, ड्रेजर यायच्या आधी दोन हंगाम पाण्याच्या आणि माशांच्या नोंदी घेता आल्या असत्या. गाळ काढायचे महिने माशांच्या विणीच्या हंगामाला चुकवून ठरवता आले असते.

मुरगावच्या पाण्याखालचं कुठलंही नवं काम पुढे आलं, की त्याच्या अहवालात मी पहिल्यांदा चिखलीच्या शिंपल्यांचं पान शोधेन. तिथे काम सुरू होण्यापूर्वीची मोजणी, तारीख आणि जागेसह, दिली असेल तर बाकीचा अहवाल वाचायला बसेन.